वैद्यकीय व्यवसाय, आरोग्यविषयक लेखन आणि जाहीर व्याख्याने : हे स्वतंत्र काम मानावे का?

अंत्रुजवासी (धागाकर्ता)

मी फोंडा तालुक्यात जनरल प्रॅक्टिस करतो. गेली अनेक वर्षे माझा आठवड्यातील निम्मा वेळ दवाखान्यात जातो आणि उरलेला वेळ मराठी वृत्तपत्रातील आरोग्यविषयक सदर, तसेच वाचनालये, शाळा, देवस्थानांची सभागृहे आणि महिला मंडळे येथील व्याख्याने यांत जातो. अलीकडे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडलेले काही तरुण डॉक्टर मला विचारतात की, आरोग्यावर लिहिणे आणि बोलणे हेच आपले मुख्य काम होऊ शकते का, आणि झाले तर ते कशा पद्धतीने करावे. खाजगीत उत्तर देण्यापेक्षा येथे सविस्तर मांडावे, म्हणजे वाचक, पत्रकार आणि अन्य डॉक्टर यांनाही त्यात भर घालता येईल, असे वाटले.

माझे मत आधीच सांगतो. आरोग्यविषयक लेखन ही दवाखान्याची जाहिरात नव्हे आणि निवृत्तीनंतरचा विरंगुळाही नव्हे. ते स्वतंत्र कौशल्याचे काम आहे. रोग्याला तपासताना आपल्यासमोर एकच माणूस असतो, त्याचे वय, त्याची औषधे, त्याच्या घरची परिस्थिती आपल्याला विचारता येते आणि चूक झाली तर तो आठ दिवसांनी परत येतो. लेख वाचणारा किंवा व्याख्यान ऐकून घरी जाणारा माणूस परत येत नाही. म्हणून जे विधान आपण दवाखान्यात सहज करतो, तेच हजारो अनोळखी लोकांसमोर करताना त्याची मर्यादाही त्याच वाक्यात सांगावी लागते. हे कौशल्य एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात कोणी शिकवत नाही.

गोव्याला या कामाची परंपरा नाही असे मात्र कोणी समजू नये. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने इथल्या वनस्पती आणि औषधांवरचा आपला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला. युरोपातील विद्वानांची भाषा लॅटिन असताना त्याने तो पोर्तुगीजमध्ये लिहिला आणि मांडणीसाठी संवादाचा प्रकार निवडला. युरोपातून नुकताच आलेला रुआनो नावाचा एक काल्पनिक वैद्य प्रश्न विचारतो, जुन्या ग्रंथकारांचा आधार काढतो आणि ओर्ता त्याला स्वतः पाहिलेल्या गोष्टी सांगतो. वाचकाच्या मनातली शंका पुस्तकातच उभी करण्याची ही रीत आजच्या आरोग्यलेखकानेही अभ्यासावी, इतकी चांगली आहे. दुसरे उदाहरण हडफडे येथे जन्मलेले डॉ. आकासियो व्हिएगस यांचे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागातील ताप हा गाठींचा प्लेग आहे, हे त्यांनी ओळखले आणि उघडपणे सांगितले. व्यापारी शहरात असे निदान जाहीर करणे किती जणांना अडचणीचे ठरले असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

आता आजच्या काळातील एक आकडा घेऊ, कारण या कामाची खरी परीक्षा आकड्यांपाशी होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी मधुमेह सर्वेक्षणाचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशातील प्रमाण ११.४ टक्के आणि गोव्यातील २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. दर चौथा गोवेकर मधुमेही आहे, असा त्याचा सारांश लोकांच्या तोंडी बसला. प्रत्यक्षात हे प्रमाण वीस वर्षे आणि त्यावरील वयाच्या व्यक्तींचे आहे, त्यात लहान मुले नाहीत. ते उपाशीपोटीची साखर आणि ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी घेतलेली साखर यांवर आधारित आहे. त्यामुळे ज्यांना आपल्याला मधुमेह आहे हे ठाऊकच नव्हते, अशी माणसेही त्यात मोजली गेली. शिवाय गोव्यातील लोकसंख्येत प्रौढ आणि वृद्ध यांचे प्रमाण अनेक राज्यांपेक्षा जास्त आहे आणि वयाबरोबर मधुमेह वाढतो. यांपैकी कोणतीही गोष्ट आकड्याचे गांभीर्य कमी करत नाही. परंतु या गोष्टी सांगितल्या तर वाचक घाबरून पान उलटण्याऐवजी, आपली चाचणी शेवटची कधी झाली होती, असा प्रश्न स्वतःला विचारतो. शीत-कडी (भात आणि कालवण) आणि पाव यांना एका वाक्यात दोषी ठरवणारा लेख लिहिणे फार सोपे आहे. किती शीत, दिवसातून किती वेळा, सोबत कडधान्य किती आणि जेवणानंतर चालणे किती, हे सांगणारा लेख लिहिण्यास वेळ लागतो आणि तोच उपयोगी पडतो.

नियमांविषयी तरुण डॉक्टरांच्या मनात अकारण भीती आहे, म्हणून तेही लिहितो. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणासाठी २००२ साली जे विनियम झाले, त्यांतील ७.११ हे कलम वाचावे. स्वतःची जाहिरात होईल किंवा रुग्ण ओढले जातील अशा प्रकारे वृत्तपत्रांत लिहिणे वा मुलाखती देणे त्यात निषिद्ध आहे. मात्र सार्वजनिक आरोग्य आणि आरोग्यपूर्ण राहणी या विषयांवर स्वतःच्या नावाने लिहिण्यास, जाहीर व्याख्याने देण्यास, रेडिओ व दूरचित्रवाणीवर बोलण्यास त्याच कलमात स्पष्ट मुभा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेले नवे विनियम त्याच महिन्यात स्थगित झाले, त्यामुळे आजही २००२ चेच लागू आहेत.

आपले अनुभव आणि मतभेद अवश्य मांडावेत.

मांडवीतीर

डॉक्टर, मी पणजीत एका मराठी दैनिकाच्या संपादकीय विभागात काम करतो आणि आरोग्य पुरवणीसाठी येणारे लेख माझ्या टेबलावरून जातात. आपल्या मताशी मी सहमत आहे, परंतु संपादकाच्या बाजूने काही सांगणे आवश्यक वाटते.

डॉक्टरांकडून येणाऱ्या लेखांत माहितीची कमतरता नसते. कमतरता निवडीची असते. उच्च रक्तदाबावरचा लेख व्याख्येपासून सुरू होतो, प्रकारांकडे जातो, मग कारणे, लक्षणे, गुंतागुंत आणि शेवटी जागा संपल्यामुळे दोन ओळींत उपचार. हा पाठ्यपुस्तकाचा क्रम आहे. पेडण्याहून कदंब बसने कामाला येणाऱ्या वाचकाला जो एक प्रश्न सतावतो, तो असा असतो की, रक्तदाब उतरला आहे तर गोळी बंद करू का? लेख त्या प्रश्नापासून सुरू झाला पाहिजे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. डॉक्टर स्वतः पत्रकारिता करू लागतो तेव्हा त्याला आपल्याच व्यवसायबंधूंना प्रश्न विचारावे लागतात आणि तेथे पुष्कळ जण थांबतात. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफील्ड या ब्रिटिश डॉक्टरने अवघ्या बारा मुलांवरील निबंधाच्या आधारे, गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लशीविषयी पत्रकार परिषदेत संशय व्यक्त केला. निबंध ‘लॅन्सेट’सारख्या मान्यवर नियतकालिकात आला होता आणि बोलणारा माणूस डॉक्टर होता, एवढ्यावर अनेक वृत्तपत्रांनी ते छापले. ब्रिटनमध्ये लसीकरण घसरले. लसउत्पादकांविरुद्ध दावे करू पाहणाऱ्या वकिलांकडून त्याला पैसे मिळाले होते, ही गोष्ट ब्रायन डीअर या पत्रकाराने शोधून काढली आणि २०१० मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला. डीअर डॉक्टर नव्हता. त्याने कागद मागितले, तारखा जुळवल्या, पैसा कोठून आला हे विचारले. आरोग्य-पत्रकारितेत येऊ इच्छिणाऱ्या डॉक्टरने वैद्यकीय ज्ञानाबरोबर ही सवयही अंगी बाणवली पाहिजे, अन्यथा तो केवळ सदरलेखक राहील. सदरलेखनही मोलाचे आहे, पण ती पत्रकारिता नव्हे.

मानधनाविषयी स्पष्ट सांगतो. प्रादेशिक मराठी वृत्तपत्राच्या मानधनावर घर चालत नाही.

कुळागर

मी सध्या इंटर्नशिप करत आहे आणि धागाकर्त्यांनी उल्लेख केलेल्या तरुणांपैकीच मी एक आहे. शाळेपासून मला लिहिण्याची आणि वक्तृत्वाची आवड आहे. माझे प्रश्न असे आहेत : या क्षेत्रासाठी पत्रकारितेची पदविका घ्यावी की सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी? रुग्ण तपासणे पूर्ण सोडावे का? आणि मांडवीतीर म्हणतात त्याप्रमाणे लेखनातून उत्पन्न नसेल, तर माझ्या वयाचे डॉक्टर करतात तसे लहान व्हिडिओ करून उत्पादनांचे प्रायोजकत्व घेणे कितपत योग्य आहे? घरी शैक्षणिक कर्ज आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी खरा आहे.

अंत्रुजवासी (धागाकर्ता)

कुळागर, कर्जाचा उल्लेख आपण केला हे बरे झाले, कारण पैशाचा विचार टाळून दिलेला सल्ला निरुपयोगी असतो.

रुग्ण तपासणे सोडू नये, निदान पहिली दहा-पंधरा वर्षे तरी. त्याने दोन गोष्टी साधतात. घर चालते, त्यामुळे कोणाच्या पैशावर बोलण्याची वेळ येत नाही. आणि लोक नेमके कोठे अडतात हे दररोज कळत राहते. अतुल गावंडे यांचे उदाहरण घ्या. मराठी आईवडिलांचा हा मुलगा शल्यविशारद म्हणून काम करत असतानाच १९९८ पासून ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकासाठी लिहू लागला आणि शस्त्रक्रियागृहातील चुकांविषयी तो इतक्या अधिकाराने लिहू शकला, याचे कारण तो तेथे रोज उभा होता.

पदवीबाबत माझे मत सार्वजनिक आरोग्याकडे झुकते. बातमी कशी लिहावी हे चांगल्या उपसंपादकाकडून शिकता येते, परंतु संशोधन कसे वाचावे, सापेक्ष आणि निव्वळ जोखीम यांत फरक काय, हे रीतसर शिकलेले बरे. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये जाहीर झाले की, गर्भनिरोधक गोळ्यांच्या काही नव्या प्रकारांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. विधान खरे होते. सात हजार स्त्रियांमागे सुमारे एक असलेले प्रमाण दोन होत होते. पण लोकांपर्यंत फक्त ‘दुप्पट’ पोहोचले, असंख्य स्त्रियांनी गोळ्या सोडल्या आणि पुढील वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे तेरा हजार गर्भपात अधिक झाल्याचा अंदाज आहे. गर्भारपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो, हे कोणी ठळकपणे सांगितलेच नाही. व्यासपीठावरून बोलणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने ही घटना पाठ करून ठेवावी, असे मला मनापासून वाटते.

उत्पादनांचे प्रायोजकत्व घेऊ नये. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने आरोग्यविषयक सल्ला देणाऱ्या समाजमाध्यमांवरील प्रभावी व्यक्तींसाठी (इन्फ्लुएन्सर) मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांनुसार आपली पात्रता आणि जाहिरातदाराशी असलेला संबंध उघड करणे आवश्यक आहे. पण डॉक्टरच्या बाबतीत संबंध उघड करून काम भागत नाही. आपण प्रथिनांच्या पावडरीचा डबा हातात धरला की, पुढच्या व्हिडिओत गोवराच्या लशीविषयी आपण जे सांगाल, तेही लोक त्याच कानाने ऐकतील. मला एका कंपनीने व्याख्यानमाला प्रायोजित करण्याची तयारी दाखवली होती. अट एवढीच होती की, सभागृहाबाहेर त्यांचे यंत्र मांडून मोफत तपासणी व्हावी. मी नकार दिला. पुढे मंडळांनी स्वतः वर्गणी काढून ती व्याख्याने केली आणि श्रोते कमी झाले नाहीत.

वाळपईची वाचक

मी सत्तरी तालुक्यात प्राथमिक शिक्षिका आहे. डॉक्टरांच्या व्याख्यानांविषयी ऐकणाऱ्यांच्या बाजूने लिहिते.

२०१५ मध्ये आमच्या तालुक्यात माकडताप आला तेव्हा लोकांमध्ये फार घबराट होती. हा आजार पहिल्यांदा १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूर जंगलात ओळखला गेला, तो जंगलातील गोचिडींमुळे पसरतो, माणसाकडून माणसाला सहसा होत नाही, ही माहिती पत्रकांतून आणि भाषणांतून मिळत होती. ती बरोबरही होती. पण आमच्याकडील कुटुंबांचे सारे वर्ष काजूवर अवलंबून असते. बोंडू गोळा करायला पालापाचोळ्यात हात घालावाच लागतो आणि या तापाचा हंगाम व काजूचा हंगाम एकच. जंगलात जाणे टाळा, असे सांगणाऱ्या वक्त्याचे बोलणे लोक मान हलवून ऐकत आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बागेत जात. दुसरे एक डॉक्टर आले, ते कोंकणीत बोलले. बागेत जाताना अंग झाकणारे कपडे कसे घालावेत, गोचीड दूर ठेवणारे तेल कोठे लावावे, परत आल्यावर कपडे गरम पाण्यात का टाकावेत, गरम पाण्याने अंघोळ का करावी, पाल्यावर बसू नये आणि मेलेले माकड दिसले तर हात न लावता कोणाला कळवावे, एवढेच त्यांनी सांगितले. ताप आला तर बागेत गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, हेही त्यांनी दोनदा बजावले. त्यांचे भाषण रात्री आठ वाजता देवळाच्या मंडपात झाले, कारण त्या आधी बागायतदार आणि कामगार घरी परतत नाहीत.

तेव्हा व्याख्यानाची वेळ, जागा आणि बोली यांचाही विचार वक्त्याने करावा, अशी माझी विनंती आहे. आमच्याकडे छापील पत्रक मराठीत चांगले समजते, परंतु प्रश्न विचारायची वेळ आली की बायका कोंकणीतच विचारतात, आणि मराठीत उत्तर देणाऱ्या डॉक्टरांना दुसरा प्रश्न विचारायला संकोचतात.

फातर्पेकर

मडगावात मी पस्तीसहून अधिक वर्षे औषधालय चालवले. धागाकर्त्यांचे हेतू उत्तम आहेत, परंतु चित्र इतके चांगले नाही, हे नोंदवणे माझे कर्तव्य आहे.

‘वेलनेस’ या नावाखाली जी व्याख्याने होतात त्यांच्यानंतरच्या आठवड्यात काय घडते, ते औषधाच्या दुकानात दिसते. कोणी थायरॉईडची गोळी बंद केलेली असते, कोणी इन्सुलिनऐवजी काढा सुरू केलेला असतो, कोणी शरीरातील विषद्रव्ये काढण्याचा महागडा संच मागतो. निरोगी माणसाचे यकृत आणि मूत्रपिंडे हे काम अहोरात्र करतातच, हे कोणी सांगितले तर ते गिऱ्हाइकाला पटत नाही, कारण त्याने व्यासपीठावर पांढऱ्या कोटातला माणूस पाहिलेला असतो. औषधे आणि जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ पासून अस्तित्वात आहे. त्याच्या परिशिष्टात मधुमेह, कर्करोग यांसह ५४ विकारांची यादी आहे आणि त्या विकारांवर उपाय असल्याची जाहिरात करणे गुन्हा आहे. पण भाषणाच्या शेवटी सहज उच्चारलेले एखादे नाव जाहिरात म्हणून सिद्ध कोण करणार?

माझी सूचना अशी की, डॉक्टरांनी व्यासपीठावरून औषधाचे, काढ्याचे वा पूरक आहाराचे नावच घेऊ नये. चालू औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, हे वाक्य मात्र प्रत्येक व्याख्यानात, विषय कोणताही असो, यायलाच हवे.

अंत्रुजवासी (धागाकर्ता)

फातर्पेकर, आपली दुसरी सूचना मी पूर्ण मान्य करतो. पहिली सूचना अपवादासह मान्य आहे, कारण मीठ-साखर-पाणी किंवा गर्भवतीसाठी लोहाच्या गोळ्या यांची नावे घ्यावीच लागतात. आपल्याला ज्यातून पैसा मिळतो त्याचे नाव घेऊ नये, अशी रेघ मी ओढेन.

आपण पांढऱ्या कोटाचा उल्लेख केला, त्यावरून कांदोळीच्या आबे फारियांची आठवण झाली. ते डॉक्टर नव्हते, धर्मगुरू होते, पण १८१३ पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करून ते लोकांना संमोहित करून दाखवत. त्या काळी संमोहनकर्त्याच्या अंगातून कसलासा चुंबकीय द्रव वाहतो, अशी समजूत होती. फारियांनी ती नाकारली आणि हा परिणाम झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनातून येतो, असे सांगितले. आपल्याला मिळणारी शक्ती आपली नाही, हे भर सभेत सांगणारा वक्ता मला फार मोठा वाटतो. आरोग्यावर बोलणाऱ्यालाही श्रोत्यांचा असाच आंधळा विश्वास मिळतो, आणि तो मिळाला की हळूहळू आपल्या विषयाबाहेरही बोलण्याचा मोह होतो. हाडांचा डॉक्टर मनःशांतीवर बोलतो, हृदयरोगतज्ज्ञ मुलांच्या संगोपनावर बोलतो. श्रोत्यांनी असा प्रश्न विचारला तर ‘हा माझा विषय नाही, अमुक तज्ज्ञांना विचारा’ असे सांगण्याचा सराव करावा लागतो. मी तो मुद्दाम केला आहे.

वाळपईच्या ताईंनी लिहिलेले प्रत्येक तरुण डॉक्टरने पुन्हा वाचावे. मी त्यात काहीही भर घालू शकत नाही.

शेवंती

मी पर्वरी भागात समुपदेशक म्हणून काम करते. मानसिक आरोग्याचा उल्लेख आतापर्यंत ओझरताच आला, म्हणून लिहिते.

डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये गोव्यात ‘संगत’ ही संस्था सुरू केली. मानसोपचारतज्ज्ञांची संख्या अपुरी असताना, प्रशिक्षण दिलेल्या सामान्य व्यक्ती नैराश्य आणि चिंताविकार असलेल्यांना मदत करू शकतात का, याची त्यांनी गोव्यातील दवाखान्यांतच चाचणी घेतली आणि तिचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. डॉ. पटेल यांनी २०१२ मध्ये टेड या जाहीर व्याख्यानांच्या आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर हा विचार जगापुढे मांडला. मला महत्त्वाचा वाटतो तो क्रम. आधी काम, मग चाचणी, मग व्यासपीठ. आणि त्या चाचणीत सरकारी केंद्रांतील रुग्णांमध्ये फरक स्पष्ट दिसला, खाजगी दवाखान्यांत तसा दिसला नाही, हेही अहवालात स्वच्छ लिहिले होते.

लिहिणाऱ्या डॉक्टरांना दोन गोष्टींची आठवण करून देते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचार घेणाऱ्या व्यक्तीची माहिती वा छायाचित्र तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. आपल्यासारख्या लहान राज्यात ‘काणकोणमधील एक निवृत्त शिक्षिका’ एवढे लिहिले तरी गावाला माणूस कळतो. नाव बदलले की गोपनीयता राखली गेली, हा समज गोव्यात चालत नाही. तसेच आत्महत्येच्या वार्तांकनासाठी भारतीय प्रेस परिषदेने २०१९ मध्ये सूचना स्वीकारल्या आहेत. पद्धतीचे वर्णन न करणे, एकच कारण न चिकटवणे आणि मदत कोठे मिळेल हे देणे, या गोष्टी डॉक्टरांच्या लेखांतही पाळल्या गेल्या पाहिजेत. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक अशा प्रत्येक लेखाखाली यावा.

कुळागर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पदव्युत्तर शिक्षणासाठी सार्वजनिक आरोग्याची निवड करावी, असे आता नक्की वाटू लागले आहे. पहिला लेख कुत्र्याच्या चाव्यावर लिहावा असा विचार आहे. अडचण अशी की, गोव्यात २०१४ पासून कुत्र्यांच्या लसीकरणाची मोठी मोहीम झाली आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. ही अभिमानाची गोष्ट सांगावी, तर वाचक चावा हलक्यात घेतील, अशी भीती वाटते. न सांगावी, तर ते अर्धसत्य ठरेल.

अंत्रुजवासी (धागाकर्ता)

दोन्ही सांगा, पण क्रम बदला. आधी चावल्यानंतरचा पहिला तास लिहा : वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम पंधरा मिनिटे धुणे, हळद, मिरची किंवा चुना न लावणे, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाणे, लशीचे सर्व डोस पूर्ण करणे आणि जखम खोल असेल तर प्रतिपिंडांच्या इंजेक्शनविषयी विचारणे. हे सारे वाचून झाल्यावर सांगा की, राज्यात रेबीज आटोक्यात आला आहे, तो कुत्र्यांच्या लसीकरणामुळे, शाळांतील शिकवणीमुळे आणि चावलेल्या माणसांनी वेळेवर लस घेतल्यामुळे. वाचकाची लस हीच त्या यशाचा भाग आहे, असे लक्षात आले की तो ती टाळणार नाही. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळपास नेहमीच प्राणघातक असतो, हे वाक्य गाळू नका आणि ते मथळ्यातही घालू नका.

मांडवीतीर

कुळागर, लेख सहाशे शब्दांच्या आत ठेवा आणि व्यक्तिगत निरोपातून मला पाठवा. सोबत आपण ज्या सरकारी मार्गदर्शक सूचनांचा आधार घेतला त्यांची प्रत जोडा, म्हणजे मला प्रत्येक विधान तपासता येईल. दवाखान्याचा पत्ता आणि वेळा लेखाखाली छापल्या जाणार नाहीत. मथळा मी देईन, पण छापण्यापूर्वी तो आपल्याला दाखवीन.